सामूहिक मालकीचे ऑनलाइन समूह : सदस्य का गळतात, कसे टिकतात

व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन निवडून येत नाही. ज्याने ग्रुप काढला तो ॲडमिन. तो हवे त्याला काढू शकतो आणि सदस्याला पटले नाही तर बाहेर पडण्याखेरीज उपाय नसतो. अमेरिकी अभ्यासक नेथन श्नायडर यांनी ऑनलाइन जगातल्या या रचनेला छुपी सरंजामशाही म्हटले आहे. याच्या दुसऱ्या टोकाला विकिपीडिया, डेबियन, सोशल.कूप यांसारखे समूह आहेत. तिथे झालेले काम सर्वांचे असते, काही ठिकाणी पैसा आणि सर्व्हरही सर्वांचे, आणि नियम सदस्यच ठरवतात. असे समूह बंदीने क्वचित संपतात. माणसे एकेक करून येईनाशी होतात, आणि शेवटी तीन-चार जण सगळा भार ओढत राहतात. चळवळीत काम केलेल्या कुणालाही हे चित्र नवीन नाही.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला किमान पाच संपादने करणारे सदस्य २००७ मध्ये सुमारे ५१ हजार होते. २०१३ पर्यंत ते सुमारे ३१ हजारांवर आले. ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याची कारणे तपासली. चांगल्या हेतूने येणाऱ्या नव्या लोकांचे प्रमाण फारसे घटले नव्हते. बदलली होती ती त्यांना मिळणारी वागणूक. खोडसाळपणा रोखायला बनवलेल्या साधनांनी नवख्यांचे प्रामाणिक लिखाणही सरसकट उलटवले जात होते, वर एक छापील इशारा चिकटवला जात होता. नियम जुन्यांनी घडवलेले आणि इतके घट्ट झालेले, की नव्याला ते बदलायला वावच उरला नाही. कागदावर दार उघडे होते, उंबरठा मात्र दरवर्षी उंच होत गेला.

२०१२ मध्ये तिथे 'टीहाउस' सुरू झाले. नवख्याने साधा प्रश्न विचारायचा आणि जुन्या सदस्याने सौजन्याने उत्तर द्यायचे, एवढेच. पुढे झालेल्या अभ्यासात दिसले की ज्या नवख्यांना तिथे येण्याचे निमंत्रण मिळाले, ते इतरांपेक्षा अधिक प्रमाणात टिकले. आमच्या मते बॅज, गुण, स्पर्धा यांच्यापेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची आहे : पहिल्या कामाला माणसाकडून आलेले उत्तर.

मालकीचा प्रश्न मात्र विकिपीडियावर अर्धाच सुटलेला आहे. सर्व्हर आणि नाव विकिमीडिया फाउंडेशनचे, कारभार सदस्यांचा. २०१९ मध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर परस्पर वर्षभराची बंदी घातली, तेव्हा अनेक प्रचालकांनी आपले अधिकार सोडून दिले. निर्णय आपल्या हाती नाही असे वाटले की सर्वाधिक राबणारेच आधी उठतात.

डेबियन ही संगणक प्रणाली १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. त्यांचे संविधान १९९८ चे आहे आणि प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. त्यांच्या गणपूर्तीचा हिशेब पाहण्यासारखा आहे : सदस्यसंख्येच्या वर्गमुळाची दीडपट. म्हणजे हजार सदस्य असले तर ठरावाला पन्नासहून कमी मते पुरतात, अर्थात ती विरोधापेक्षा जास्त हवीत. प्रत्येक जण प्रत्येक वेळी येणार नाही, हे इथे आधीच मान्य केले आहे. उलट निम्म्यांच्या उपस्थितीची अट घालणारी मंडळे एकही निर्णय न घेता झिजत जातात.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. भिक्खू संघाला गणपूर्ती, ठराव, मतमोजणी हे सारे माहीत होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली होती. आजारी भिक्खूने दुसऱ्याकरवी आपला 'छंद', म्हणजे संमती, कळवण्याची सोय विनयात आहे. गैरहजर माणूसही संघाचाच राहतो.

डेबियनकडून आणखी दोन गोष्टी घेता येतात. २०१० मध्ये त्यांनी मतदान घेऊन ठरवले की प्रोग्राम न लिहिणारे, म्हणजे अनुवाद किंवा दस्तऐवज करणारेही पूर्ण सदस्य होऊ शकतील. दुसरी गोष्ट निरोपाची. बराच काळ न दिसणाऱ्या सदस्याशी संपर्क साधणारा एक गट तिथे आहे. जमत नसेल तर जबाबदारी दुसऱ्याकडे जाते आणि जाणाऱ्याला मानाने निवृत्त होता येते. आपल्याकडे थकलेल्या कार्यकर्त्याला गद्दार ठरवायची घाई होते. मग तो परत कसा येणार?

सोशल.कूप (२०१७) हा मॅस्टोडॉनवरचा सहकारी समूह. सदस्य ऐपतीप्रमाणे वर्गणी देतात आणि लूमिओ नावाच्या साधनावर ठराव करतात. मालकी इथे पुरती सदस्यांची आहे, पण वर्गणी आणि मताधिकार एवढ्यावर माणूस गुंतून राहत नाही. सतत मत मागितले तर कंटाळतोही. त्याच्या हाती एखादे छोटे, ठरावीक काम लागते.

मराठीत असे काम भरपूर पडून आहे. १४ एप्रिलच्या सुमारास संपादन कार्यशाळा होतात, खाती उघडली जातात, पहिला लेख तयार होतो. संदर्भ नसल्याने तो उडवला गेला तर नवखा परत फिरकत नाही. म्हणून कार्यशाळा घेणाऱ्यांनी निदान दोन जाणत्या सदस्यांकडे पुढचे महिनाभर एवढेच काम द्यावे : नव्या खात्यांची चर्चा पाने पाहायची आणि उत्तर द्यायचे.

नवख्याला थेट लेख लिहायला बसवण्यापेक्षा मराठी विकिस्रोतावर न्यावे, असे आम्हांला वाटते. बाबासाहेबांच्या मूळ लेखनावरचा स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला, त्यामुळे त्यांचे मराठी लेखन तिथे आणता येते. मुद्रितशोधन पानापानाने चालते. एकाने तपासलेले पान पिवळे दिसते, आणि ते हिरवे करायला दुसराच सदस्य लागतो, स्वतःचे पान स्वतःला हिरवे करता येत नाही. रात्री अर्ध्या तासात एखादे पान होते, आणि आपण तपासलेली ओळ न् ओळ दुसऱ्या कुणीतरी वाचलेली असते.