मोहाची पहिली धार

नोकरीच्या निमित्ताने नर्मदाकाठी येऊन राहिलेल्या मराठी माणसास चैत्र दोन गंधांनी ओळखता येतो. एक अंगणातील मोगऱ्याचा. आणि दुसरा, जबलपूर मागे टाकून कुंडमच्या रस्त्याला लागले की येणारा, मोहाच्या फुलांचा. पहिला गंध आपण गावाकडून बरोबर घेऊन आलेलो असतो. दुसऱ्याची ओळख मात्र येथेच करून घ्यावी लागते, आणि मला ती करून घ्यावयास बरीच वर्षे लागली हे आरंभीच कबूल केलेले बरे.

त्याला कारण घडले ते नाशिकहून आलेले पुतण्याचे पत्र. द्राक्षाच्या हंगामात तो सहकुटुंब एका मद्याच्या कारखान्यावर गेला होता. मुलांनी पायांनी द्राक्षे तुडविली, मोठ्यांनी लाकडी पिंपे पाहिली, मालकाच्या घरच्या मंडळींनी आगतस्वागत केले. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले, तेव्हापासून त्या भागात अशा सहली रुळल्या आहेत. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, “काका, तुमच्या जबलपुराकडे असे काही असते काय?” मी उत्तर लिहावयास बसलो आणि “नाही” हा शब्द लिहिताना हात थांबला. द्राक्षे नसतील, पण फळाफुलांचा हंगाम, घरची भट्टी आणि पिढीजात विद्या यांचा मेळ येथे नाही असे म्हणणे खोटे ठरले असते. कचेरीतील एक सहकारी कुंडमपलीकडच्या गोंड घरातले. त्यांच्याबरोबर एका रविवारी पहाटे निघालो.

मोहाचे झाड फुलण्यापूर्वी पाने टाकून देते. फुले रात्री उमलतात आणि उजाडण्याच्या सुमारास टपटप खाली पडतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी झाडून वा जाळून जागा स्वच्छ केलेली असते. आम्ही पोहोचलो तेव्हा सहकाऱ्यांची आई, दोन सुना आणि नातवंडे टोपल्या घेऊन वाकलेली होती. फूल मांसल, फिकट पिवळसर, बोराएवढे. दाबले तर हातास चिकट गोडवा लागतो. कोणते झाड कोणाच्या घरचे हे गावात सर्वांस ठाऊक असते. त्यास कुंपण लागत नाही. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात. वाळली म्हणजे ती मनुकांसारखी तपकिरी दिसतात, आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असते. म्हणूनच हे फूल आधी अन्न आहे, नंतर मद्य. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातील अनेक घरांनी याच फुलांवर दिवस काढले.

दुपारी भट्टी लागली. वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजवून काही दिवस आंबविलेली होती; आपण ज्याला सडवा म्हणतो त्याला इकडे लाहन म्हणतात. द्राक्षाच्या मद्यात आंबवण हीच मुख्य क्रिया. येथे तिच्यापुढे आणखी एक पायरी आहे. सडव्याचे मडके चुलीवर, त्याच्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे मडके, त्याच्या पोटात एक लहान भांडे, आणि सर्वांवर गार पाण्याचे पातेले. सांधे ओल्या मातीने लिंपलेले. वाफ वर चढते, गार बुडास लागून थिजते आणि आतल्या भांड्यात ठिबकते. वरचे पाणी तापले की बदलावयाचे. ते किती वेळा बदलले यावर मद्य कडक की सौम्य हे ठरते. म्हातारीजवळ मोजमापाचे एकही उपकरण नव्हते. ती फक्त पाण्याच्या खेपा मोजीत होती.

ही विद्या किती जुनी हे सांगणे कठीण. पण मोहाच्या फुलाची आणि मद्याची सोयरीक आपल्या ग्रंथांस नवी नाही. मनुस्मृती सुरेचे तीन प्रकार सांगते: गौडी, पैष्टी आणि माध्वी. यांपैकी माध्वी कशाची, याविषयी टीकाकारांचे एकमत नाही. कोणी द्राक्षाची म्हणतात, कोणी मधाची, तर कोणी मधूक म्हणजे मोहाच्या फुलांची. नाशिकचा मळा आणि कुंडमचे रान एका शब्दाच्या अर्थात असे शेजारी येऊन बसावेत, याची मला मोठी मौज वाटली.

कौटिल्याने तर अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. मद्य कोठे विकावे, किती द्यावे, कोणावर नजर ठेवावी, हे सारे त्यात आहे. परंतु इतक्या कडक राजनीतिज्ञानेही एक दार उघडे ठेवले: कुटुंबांनी मंगलकार्याच्या प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्यास हरकत नाही, उत्सव, समाज, यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक द्यावी. विकण्यासाठी केलेले मद्य निराळे आणि घरच्या कार्यासाठी केलेले निराळे, हा भेद त्याला ठाऊक होता.

या भूमीवर त्यानंतर अनेक सत्ता आल्या. संग्रामशाहाचे बावन्न गडांचे गोंड राज्य झाले. १५६४ मध्ये मोगलांशी लढताना राणी दुर्गावतीने देह ठेवला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले आणि शतक संपण्याच्या सुमारास ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मराठी दप्तरांतील ‘कलाली’ हा शब्द मद्याच्या दुकानांवरील कराचाच. १८१७ नंतर इंग्रज आले, आणि १८५७ च्या सप्टेंबरात याच जबलपुरात गोंड राजा शंकरशहा व त्याचा पुत्र रघुनाथशहा यांस तोफेच्या तोंडी देण्यात आले. भट्टीचे राज्य मात्र इंग्रजांच्या काळात अधिक मुळापासून बदलले. ठिकठिकाणच्या भट्ट्या मोडून सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या कारखान्यांत मद्य गाळावयाचे आणि त्याच्या तीव्रतेनुसार गॅलनमागे कर घ्यावयाचा, ही पद्धत हळूहळू सर्वत्र पसरली. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला; मध्य प्रांतात १९१५ चा.

या पद्धतीचा शत्रू एकच: जो आपल्या झाडाचे फूल आपल्या चुलीवर ठेवतो तो. त्याच्याकडून गॅलनमागे काही मिळत नाही. रानातील प्रत्येक चुलीवर पहारा ठेवणे अशक्य, म्हणून मुंबई सरकारने १८९२ मध्ये थेट फुलालाच हात घातला. त्या वर्षीच्या मोहाच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या फुलावर गरिबाने दुष्काळ काढावा, ते त्याच्या घरात सापडणे हाच अपराध! त्याच किनाऱ्यावर उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मात्र मोहाचेच मद्य उघडपणे गाळले जात होते. भेद मद्यात नव्हता. तो गाळणाऱ्यात होता.

याला दुसरी बाजू नाही असे नव्हे. मद्याने उजाड केलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि दारूबंदीच्या चळवळीत कितीतरी आदिवासी स्त्रियाच पुढे होत्या, हे विसरून कोणी भट्टीचे स्तोत्र गाऊ नये. परंतु मंडला भागात गोंडांमध्ये राहिलेल्या व्हेरियर एल्विन यांनी घरच्या मोहाची मुभा त्यांना असावी असा आग्रह धरला, तो व्यसनाच्या कौतुकासाठी नव्हे. जन्म, लग्न, मृत्यू यांपैकी एकही कार्य ज्याच्यावाचून पुरे होत नाही, ते ठेकेदाराच्या दुकानातून विकत आणावे लागले की माणूस प्रथम कर्जात जातो आणि मग देवासमोरही परका होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

आज मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबास स्वतःपुरते, ठरलेल्या मर्यादेत, मोहाचे मद्य काढता येते. २०२१ च्या नोव्हेंबरात मंडला येथे शासनाने या मद्यास वारशाचा दर्जा देऊन विक्रीस आणण्याची घोषणा केली, आणि पुढे दिंडोरी व अलिराजपूर येथे बचतगटांमार्फत त्याचा आरंभ झाला. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठविणे व नेणे यांवरील निर्बंध उठविले. १८९२ पासून मोजले तर फुलावरचा संशय फिटावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

संध्याकाळी भांडे उतरले. म्हातारीने पहिली धार पळसाच्या द्रोणात घेतली आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थोडी सांडली. मग द्रोण माझ्यापुढे धरता धरता थांबली, आणि माझ्या खिशातील पेनाकडे पाहून मुलास तिच्या बोलीत काही विचारले. सहकारी संकोचून हसले. “आई विचारते आहे, साहेब हे लिहून घेणार का?”

मी दिवसभर टिपणे करीत होतो. मडकी किती, खेपा किती, सडवा किती दिवसांचा. आणि माझ्या मते हा सारा इतिहासाचा अभ्यास होता. तिच्या आयुष्यात मात्र कागद-पेन घेऊन भट्टीपाशी येणारा माणूस अभ्यासासाठी कधी आला नव्हता. “लिहिणार आहे, आजी,” मी म्हणालो, “पण तुमचे नाव आणि गाव लिहिणार नाही.” ते तिला सांगितले गेले. तिने क्षणभर विचार केला आणि द्रोण पुढे केला.

मी मद्य घेत नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. ओठ ओले केले. जळते आणि गोड एकदमच लागले. निघताना तिने वाळलेली मूठभर फुले कागदात बांधून दिली. ती नाशिकला पाठवावयाची आहेत. पुतण्याच्या पत्राचे उत्तर त्यांच्याबरोबरच जाईल.