खिडकीपासून शोधचौकटीपर्यंत: ठाणे-कल्याणच्या प्रौढ विद्यार्थ्यांचा माहितीशोध

नोकरी-संसार सांभाळून मोबाईलवर किंवा संगणकावर शिकणारी मोठी माणसं हवी ती माहिती शोधतात कशी, हा आजचा विषय. वाटतो अगदी आत्ताचा. पण मी त्याकडे इतिहासातून बघणार आहे, आणि तेही ठाणे ते कल्याण-डोंबिवली एवढ्याच पट्ट्यातून. इथे ही सवय जुनी आहे. आगगाडी कल्याणला पोचली १८५४ साली आणि दहाच वर्षांत, १८६४ मध्ये, तिथं सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. त्याच्या स्थापनेत ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे होते.

जुन्या वाचनालयांत पुस्तकं बहुधा कपाटबंद असायची. वाचक देवघेवीच्या खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, ‘ते हिशेबाचं काहीतरी द्या.’ आता बघा, ‘हिशेबाचं काहीतरी’ या नावाचं पुस्तक नसतं. मग ग्रंथपाल उलट विचारायचा, परीक्षेला बसताय की दुकानासाठी हवंय? दोन-तीन प्रश्नांत खरी गरज बाहेर यायची. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली नेमकं हेच मांडलं: माणूस पहिल्यांदा जे मागतो ते त्याला हवं असलेलं नसतंच, बोलता बोलता त्याचा प्रश्न घडत जातो. आपल्याकडे खिडकीवरच्या माणसाला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण चांगला ग्रंथपाल ते रोज करत होता.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. शिक्षण सुटलेल्यांना दार उघडलं. पुस्तिका घरी वाचायची, पण अडलं तर अभ्यासकेंद्रावर समंत्रक. शब्दच बघा, शिक्षक नाही, समंत्रक! पुढे २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीची सेंटरं गल्लोगल्ली दिसू लागली. सरकारी नोकरांना संगणकाची पात्रता सक्तीची झाली, तशी पन्नाशीतली माणसं माऊस धरायला बसली. तिथेही धडा पडद्यावर होता, पण अडलं की हाक मारायला सेंटरची मॅडम होती. वागळे इस्टेटमधले कारखाने जाऊन तिथं संगणकाची ऑफिसं आली, त्या काळात कितीतरी जणांना हे शिकणं पोटासाठी लागलं. हौसेचा प्रश्न नव्हता.

आणि मग आली शोधचौकट. ती उलट प्रश्न विचारत नाही.

एक उदाहरण घेऊ. मराठी माध्यमातून वाणिज्य शिकलेला माणूस ‘घसारा’ हा शब्द जाणतो. ऑफिसात त्यालाच ‘डेप्रिसिएशन’ म्हणतात. चाळिशीत तो ऑनलाइन कोर्स घेतो, समजा २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर. पन्नास मिनिटांच्या व्हिडिओत त्याला तीनच मिनिटं हवी आहेत. टाईप काय करायचं? देवनागरीत घसारा, रोमन अक्षरांत घसारा, की इंग्रजी शब्द, ज्याचं स्पेलिंग नीट आठवत नाही? म्हणजे शोधायला जो शब्द लागतो, तोच अजून शिकायचा राहिलेला असतो.

त्यात आपली एक खास मराठी अडचण. नव्वदच्या दशकात संगणकावर पुष्कळ मराठी मजकूर छापखान्याच्या सोयीच्या फॉन्टांत टाईप झाला. डोळ्यांना मराठी दिसायचं, पण आत साठवलेले संकेत भलतेच. शोधयंत्राला ते मराठी कळतच नव्हतं. युनिकोड १९९१ पासून होतं, पण आपल्या रोजच्या वापरात ते २००० नंतर हळूहळू आलं. मधल्या वर्षांतला मजकूर होता आणि सापडत नव्हता. एक वाचक-पिढी ‘मराठीत काही मिळत नाही’ असं गृहीत धरून इंग्रजीकडे वळली, याचं एक कारण मला हे वाटतं.

मग आजचा शिकणारा काय करतो? डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विचारतो, ‘घसाऱ्याचं कुणाकडे आहे का?’ काही शिक्षक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. तो खिडकी शोधतोय. समोर माणूस असला की अर्धवट प्रश्नही चालतो, ‘कुठल्या विषयाचं पाहिजे?’ असं कुणीतरी उलट विचारतं. फरक इतकाच की खिडकीवरच्या माणसाला पुस्तकं माहीत होती. ग्रुपवरचं उत्तर कधी बरोबर असतं, कधी गेल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचं. परीक्षेच्या अर्जाची तारीख अशीच चुकली तर अख्खं वर्ष जातं, आणि पंचेचाळिशीत परत कोण फी भरतो? शिवाय ‘एवढंही येत नाही’ असं वाटेल म्हणून ग्रुपवरही न विचारणारे असतातच. सुनेसमोर, मुलांसमोर शिकणाऱ्या बायकांना हा संकोच जास्त.

इतिहासाच्या साधनांची इथे पंचाईत होते. वाचनालयाच्या नोंदवहीत कोणतं पुस्तक कुणी नेलं ते लिहिलेलं असतं, खिडकीशी काय बोलणं झालं ते नाही. संगणक तर टाईप केलेला शब्द न् शब्द ठेवू शकतो. पण ‘घसारा’ लिहून काही न सापडल्यावर ज्यानं कोर्स सोडला, तो हजेरीत कंटाळून गेलेल्यांच्याच रांगेत दिसतो. त्यांना वेगळं कसं ओळखायचं, यावर तुमच्यापैकी सेंटर चालवणाऱ्यांचं ऐकायला आवडेल. आता प्रश्न घेऊ या.