मुंबईतील वारसा संवर्धन

मुंबईतील वारसा संवर्धन म्हणजे मुंबई शहरातील ऐतिहासिक इमारती, वस्त्या व परिसर यांचे कायदा, लोकशिक्षण आणि नागरिकांचा पाठपुरावा यांच्या आधारे केले जाणारे जतन होय.

पार्श्वभूमी
१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे भाडेकरूंना संरक्षण मिळाले. मात्र तुटपुंज्या उत्पन्नातून दुरुस्ती करणे घरमालकांना परवडेनासे झाले. दुसरीकडे जमिनीच्या किमती वाढत गेल्याने जुन्या वास्तू पाडून उंच इमारती बांधण्याकडे कल वाढला.

वारसा नियमावली
नागरिक, वास्तुरचनाकार व इतिहासप्रेमी यांच्या प्रयत्नांनंतर १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. अशी नियमावली करणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर मानले जाते. यादीतील वास्तूंचे तीन श्रेणींत वर्गीकरण करण्यात आले. पहिल्या श्रेणीत बदलांना जवळजवळ पूर्ण मनाई असते, दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल करता येतात, तर तिसऱ्या श्रेणीचे निर्बंध तुलनेने सौम्य आहेत. मुंबई वारसा संवर्धन समिती याबाबत महानगरपालिकेला सल्ला देते.

लोकशिक्षण
१९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने कला महोत्सवाच्या माध्यमातून या परिसराकडे लोकांचे लक्ष वेधले. वारसा फेऱ्या, व्याख्याने व प्रदर्शने यांतूनही जनजागृती केली जाते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धारात महानगरपालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी सहकार्य केले. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला.

जागतिक मान्यता
२००४ मध्ये आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. ३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील व्हिक्टोरियन गॉथिक आणि पश्चिमेकडील व मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला हा दर्जा मिळाला. या समूहात ९४ इमारती आहेत. त्याच्या नामांकनामागे स्थानिक रहिवासी संघटनांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता.

आव्हाने
सार्वजनिक वास्तूंच्या तुलनेत राहत्या वस्त्यांचे जतन अधिक कठीण ठरते. गिरगावातील खोताची वाडी येथील काही लाकडी बंगल्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. जीर्ण घरात राहणाऱ्यांची सुरक्षितता व पुनर्विकासाची अपेक्षा रास्त असते. तथापि एकेक घर पाडले गेल्यास संपूर्ण वस्तीचे स्वरूप नाहीसे होते. त्यामुळे दुरुस्तीसाठी अर्थसाहाय्य आणि रहिवाशांचा सहभाग हे संवर्धनातील कळीचे प्रश्न आहेत.