गल्लीतली बाळंतीण

दत्ताभोवती चार श्वान, खंडोबाच्या घोड्याबरोबर एक. मराठी देवघरात कुत्र्याला मान आहे. पिलांना पाजत पडलेली कुत्री मात्र कोणत्याच देवाच्या वाट्याला आलेली दिसत नाही. तिची दखल घेतली ती महाभारताने. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू शिरते आणि राजाचे भाऊ त्याला झोडपतात. त्याने हविष्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेही नाही; मग का मारलेत, असे सरमा विचारते. कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते. शापनिवारणासाठी पुढे राजाला पुरोहित शोधत फिरावे लागले.

दक्षिण गुजरातेत स्थायिक झालेल्या आम्हा मराठी कुटुंबांना या प्रश्नाची दुसरी बाजू शेजाऱ्यांकडून कळली. सचिन हे सुरत आणि नवसारी यांच्या मध्ये वसलेले. दोन्ही पारशांची जुनी ठाणी. त्यातही नवसारी १९४९ पर्यंत गायकवाडी अमलातली. पारशांच्या वेंदिदादच्या पंधराव्या अध्यायात असा विचार आहे की, दिवस भरत आलेली कुत्री एखाद्याच्या गोठ्यात वा कुंपणापाशी येऊन पडली, तर तिला पोसायचे कोणी? उत्तर निःसंदिग्ध आहे: जागा ज्याची, त्याने. तेही पिले स्वतःचे पोट भरू लागेपर्यंत. हयगयीने त्यांना अपाय झाला तर तो दंडनीय अपराध. गर्भिणी स्त्री आणि गर्भिणी कुत्री या दोघींवर अग्नी सारखीच नजर ठेवतो, असेही तेथे म्हटले आहे. पिलांच्या संगोपनाची मुदत सहा महिने, मानवी बालकाची सात वर्षे. कर्तव्याची अशी नेमकी मुदत सांगणारा हा नियम आम्हांला कित्येक कनवाळू उपदेशांहून मोलाचा वाटतो.

गुजराती गल्लीची रीत याहून साधी. कुत्री व्याली की मुले घरोघरी फिरून पीठ, गूळ, तेल-तूप मागून आणतात आणि तिच्यासाठी शिरा होतो. बाळंतिणीला डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर देणाऱ्या मराठी घरांना या शिऱ्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नसेल.

१६८९ साली सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने येथील जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन केले आहे. गाई-घोड्यांबरोबर तेथे कुत्र्यांचीही सोय होती. कंपनी सरकारने पुढे मुंबईत निराळेच धोरण धरले. उन्हाळ्यात भटके कुत्रे मारण्यावर बक्षीस लागले आणि त्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. जून १८३२ मध्ये कोटातले पारशी रस्त्यावर उतरले, इतर व्यापारी त्यांना मिळाले, दुकाने बंद पडली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. जमशेटजींचे बालपण नवसारीत गेले होते. हा निव्वळ योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

सरकारची भीती मात्र खोटी नव्हती. पाश्चरने १८८५ मध्ये लस वापरेपर्यंत पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर खात्रीचा उपाय नव्हता, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की आजही रोगी सहसा वाचत नाही.

म्हणून अंगणात कुत्री व्याली की केवळ शिऱ्यावर भागत नाही. कोपऱ्यात कोरडे गोणपाट, वाऱ्याला आडोसा, पाण्याचे भांडे एवढे तिला पुरते. नवजात पिलांना स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून त्यांना धुऊ नये. डोळे साधारण दोन आठवड्यांत उघडतात. तोवर मुलांनी दुरूनच पाहावे, कारण आई पिलांच्या राखणीपायी चावते. शिऱ्यात बेदाणे घालू नयेत, ते कुत्र्याला विषासारखे. पिले अंगावर पीत असता आईला आकडी आली, तर कॅल्शियमची उणीव समजून तत्काळ पशुवैद्य गाठावा. तीन महिन्यांच्या सुमारास पिलांना रेबीजची लस द्यावी.

सचिन २०२० मध्ये सुरत महानगरपालिकेत गेले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. मुलांनी पीठ-गूळ मागून आणावाच, पण शिऱ्याची परात आता फाटकाच्या आत ठेवावी लागेल. आणि पिले सुटी झाल्यावर आईला निर्बीजीकरणासाठी नेण्याचे कामही आतल्याच माणसांना करावे लागेल.