आधी ऊब, मग गती

उन्हाळ्यात अंगाची काहिली करणाऱ्या अकोला-अमरावतीकडे जानेवारीतल्या पहाटे पारा १० अंशांच्या खालीही उतरतो. नेमका हाच कापसाचा हंगाम. दिवाळीनंतर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने सुरू होतात आणि रब्बीच्या पिकांना पाणी द्यायचे असते. वऱ्हाडातल्या इंजिनांना सर्वांत जास्त काम असायचे ते असे ऐन थंडीत. गारठलेले इंजिन मात्र सहजासहजी चालू होत नाही. त्याला आधी ऊब द्यावी लागते. ही ऊब कोणी, किती वेळ आणि कशी दिली, याचाही एक इतिहास आहे.

सुरुवात मूर्तिजापूरपासून करू. अकोला जिल्ह्यातल्या या जंक्शनवरून ७६२ मिलिमीटर रुंदीचे दोन लोहमार्ग निघत. एक अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला जाई, दुसरा यवतमाळला. कापूस वाहून नेण्यासाठी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने हे मार्ग बांधले गेले आणि १९१३ च्या सुमारास खुले झाले. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन तिला सत्तर वर्षे ओढत होते.

गाडी सकाळी सुटायची असेल, तर इंजिनाची तयारी रात्रीच सुरू होई. बॉयलरमध्ये पाणी भरायचे, तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि लाकूड पेटवायचे, मग थोडा थोडा कोळसा टाकायचा. पूर्ण गार इंजिनात पुरेसा दाब तयार व्हायला काही तास लागत. घाई चालत नसे. एकदम मोठी आग केली तर बॉयलरचे पत्रे आणि नळ्या कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावतात आणि सांधे गळू लागतात. म्हणून रोज नव्याने आग पेटवण्यापेक्षा ती रात्रभर दाबून ठेवणे सोयीचे पडे. चुलीतले निखारे राखेखाली झाकून सकाळसाठी जपणाऱ्या घरच्या बाईला ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही.

बॉयलर तापला तरी सिलिंडर गारच असतो. त्यात शिरलेली वाफ थंड भिंतींना लागून पाणी होते. पाणी वाफेसारखे दाबले जात नाही. ते दट्ट्यापुढे अडकले तर सिलिंडरच फुटू शकतो. म्हणून निघताना ड्रायव्हर सिलिंडरच्या खालच्या तोट्या उघडे. गाडी हलताना चाकांपाशी फुसफुसणारा जो पांढरा लोट आपण चित्रांत पाहतो, तो बराचसा या पाण्याचा असतो.

भिंत गार असण्याची ही किंमत प्रथम नीट ओळखली ती जेम्स वॅटने. न्यूकोमेनच्या इंजिनाचा एक नमुना ग्लासगो विद्यापीठात दुरुस्तीसाठी त्याच्याकडे आला होता. त्या इंजिनात प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्येच गार पाणी फवारून वाफ थंड करत. मग पुढच्या फेरीतली बरीचशी वाफ भिंती पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. १७६५ साली वॅटला उपाय सुचला : वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची आणि सिलिंडर कायम गरम ठेवायचा. १७६९ साली त्याला पेटंट मिळाले. दट्ट्या तोच, वाफ तीच, पण भिंत गरम राहिली आणि कोळसा वाचला.

पुढे तेलावर चालणारी इंजिने आली. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टने १८९० साली पेटंट घेतलेल्या इंजिनाच्या डोक्यावर एक पोकळ फुगा असे. इंजिन सुरू करण्याआधी तो बाहेरून ज्योतीने चांगला तापवायचा, मग तेल त्यावर पडून पेटे. एकदा इंजिन चालू झाले की आतल्या ज्वलनानेच फुगा गरम राही. तासांची तयारी मिनिटांवर आली. स्वीडनमधल्या बोलिंडर कंपनीची अशी इंजिने उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या मासेमारी नावांवर आणि पुढे इंग्लंडच्या कालव्यांतल्या नावांवरही बसली. ट्रकला धक्का मारता येतो, पण नावेला धक्का मारून इंजिन सुरू करायची सोय नाही. म्हणून दर सकाळी आधी फुगा तापवायचा, मग नांगर उचलायचा.

रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाने हा फुगाही अनावश्यक ठरवला. १८९७ साली त्याने यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, त्यामागचेही मुख्य कारण हेच.

मग थंडीत अडते कोठे? थोडे गणित करू. हवा एक-सोळांश आकारमानात दाबली आणि उष्णता मुळीच गळली नाही, तर तिचे निरपेक्ष तापमान सुमारे तिप्पट होते. प्रत्यक्षात भिंती उष्णता शोषतात. समजण्यासाठी ते दुप्पटच होते असे धरू. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. त्याचे झाले ६०० केल्विन, म्हणजे ३२७ अंश. डिझेल आपोआप पेटायला साधारण २५० अंश पुरतात. आता पहाटेची ५ अंशांची हवा, म्हणजे २७८ केल्विन, घेऊ. तीही दुप्पट झाली तर २८३ अंश मिळतात, म्हणजे तेल पेटायला हवे! पण वंगण घट्ट झालेले असते, हँडल हळू फिरते, दाबलेल्या हवेला गार भिंतींशी जास्त वेळ राहावे लागते. दुप्पट होण्याऐवजी तापमान पावणेदोन पटच झाले, तर हाती येतात २१३ अंश. खरा अडसर हवेपेक्षा गार भिंतीचा आणि मंद गतीचा आहे. वॅटचाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

विहिरीवरच्या इंजिनाला चांगले गरम पाणी घालणारा शेतकरी हे सूत्र न मांडताच नेमक्या जागी उपाय करतो. पण जपून! उकळते पाणी एकदम ओतले तर बिडाच्या सिलिंडरला तडा जाऊ शकतो. काही जण हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात. ते तर इंजिनाला आणि माणसालाही धोक्याचे. अतिथंड देशांत १९४० च्या दशकापासून विजेचा हीटर वापरात आला. तो इंजिनाच्या ठोकळ्यातले पाणी रात्रभर कोमट ठेवतो. धक्क्याला बांधलेल्या नावेवर किनाऱ्यावरून तार ओढली की झाले. सुरू होतानाची झीज आणि धूरही त्याने कमी होतो.

१५ एप्रिल १९९४ रोजी ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेल आले. पुढे ही गाडीही थांबली. त्या बदलाबरोबर, गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी उठून आग फुलवणाऱ्याचे कामही संपले. वेळापत्रकात गाडी सुटण्याची वेळ छापलेली असे. त्याची वेळ कोठेच छापलेली नसे. वर्गात इंजिनांचा धडा शिकवताना सायकलचा पंप हाती द्यावा आणि या माणसाची आठवणही काढावी. अश्वशक्तीचे आकडे लागू होतात ते त्याचे काम झाल्यानंतरच.