बॅकअप कार्यक्रम, संगणकीय

संगणकातील माहितीची राखीव प्रत करणारा व प्रसंगी ती माहिती पूर्ववत करून देणारा कार्यक्रम. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये काही कार्यक्रमांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले व वापराचा परवाना हा स्वतंत्र व्यवहार म्हणून रूढ होऊ लागला. परवाना ठरावीक मुदतीचा वा कायमचा असतो. तथापि कायमच्या परवान्यामुळे जुना कार्यक्रम नव्या प्रणालीवर चालेलच असे नाही. उदा., मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीमधील एनटीबॅकअप हा कार्यक्रम विंडोज व्हिस्टातून (२००७) वगळण्यात आला. त्याच्या जुन्या प्रतींसाठी कंपनीने वेगळे साधन पुरविले. त्याने माहिती परत मिळे, मात्र नवी प्रत करता येत नसे. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वीच जुन्या प्रतींतील माहिती नव्या कार्यक्रमात उतरवून घेणे इष्ट ठरते.