पाण्याखालचा सातबारा

मुळशीत पूर्वज शोधायला निघालात तर पहिली अडचण नावाचीच येते. जुन्या कागदांत आडनाव असेलच असं नाही. ‘राघू बिन बाळू’ एवढंच लिहिलेलं, आणि असे राघू एकाच गावात दोन-तीन निघू शकतात. म्हणून माणसाच्या मागे न लागता जमिनीच्या मागे जायचं. आमच्या डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर इथं नाव ही प्रायमरी की नाही. सर्व्हे नंबर आहे.

जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे दिसतात. ते फेरफार क्रमांक. कोण वारलं, वारस कोण लागले, वाटणी कशी झाली, हे त्या फेरफारात सापडतं. मागे जाताना मध्येच गट नंबर संपतो, कारण 1947च्या कायद्यानुसार पुढे जमिनींचं एकत्रीकरण झालं. तिथं गटावरून जुना सर्व्हे नंबर काढायचा आणि पुढे चालायचं. अजून मागे गेलं की मोडी लागते.

पण मुळशीत ही साखळी पाण्यापाशी तुटते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा अडवली गेली. 1921च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. बुडालेल्या शेतांना पुढचे फेरफार नाहीत. अशा घरांसाठी शेवटचा धागा म्हणजे भूसंपादनाचा निवाडा: किती जमीन गेली, मोबदला किती ठरला, तो कुणाला.

दुसरा धागा पलटणीचा. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत अशा मृत शिपायांचा क्रमांक आणि पलटण मिळते. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. इंग्रजी स्पेलिंग भलतंच असतं, त्यामुळे आडनावाऐवजी गावाच्या नावानं शोधा, तेही चार प्रकारे लिहून. काही नोंदींत शिपायाच्या बायकोचं नाव असतं. घरच्या वंशावळीत फक्त पुरुष असताना एखाद्या पणजीचं नाव लष्करी यादीत सापडावं, हे विलक्षण आहे.

2023पासून कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रभर जुनी दप्तरं उघडली गेली. एका शब्दावर मुलांचे दाखले अडू लागले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत कळली. पण हे कागद आपल्या आठवणीसाठी लिहिलेले नव्हते. सारा कोण भरणार आणि सरकारसाठी कोण मेला, एवढंच त्यांना हवं होतं. ज्याच्याकडे ना जमीन ना पलटण, तो त्यांत क्वचितच दिसतो. दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाचा फेरफार होत नाही.

म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसा. गावाचं, शेताचं, वावरातल्या झाडाचं नाव विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. निवाडा शंभर वर्षं टिकला. तिच्याकडे तेवढा वेळ नाही.